महिना कसा सरला ते विचारा : वस्तीत गरिबीची पाहणी करायला निघालेल्या नवख्यांसाठी

माझी पहिली पाहणी नवी मुंबईतल्या दिघ्यात झाली. रोज सकाळी अकरा ते दुपारी चार, घरोघरी. बायका त्या वेळी जरा मोकळ्या असतात, निवांत बोलतील असा माझा हिशेब. पंधरा दिवसांनी तक्ता मांडला तर या वस्तीत कामाला फारसं कुणी जातच नाही असं चित्र निघालं. डोकं खाजवत बसले. मग लक्षात आलं की ज्या घरातले सगळे कामावर जातात त्या घराला दुपारी कुलूप असतं, आणि कुलूप दिसलं की मी सरळ शेजारचं दार वाजवत होते. म्हणजे कमावणारी घरं मी स्वतःच्या हातानं वगळली होती. सगळे फॉर्म रद्दीत गेले.

त्यानंतर कळवा, लोकमान्य नगर, तुर्भे, घणसोली गावठाण असं ठाणे-नवी मुंबईत बरंच फिरणं झालं. समाजकार्य शिकणारी (एमएसडब्ल्यूची) मुलं, संस्थेत नव्यानं लागलेली मंडळी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे. यात संख्याशास्त्राचा कोर्स नाही. दारात उभं राहिल्यावर काय चुकतं, ते आहे.

१. काय मोजायचंय ते आधी कागदावर लिहा

गरिबी, विषमता आणि असुरक्षितता ही तीन वेगळी कामं आहेत. एका फॉर्ममध्ये तिन्ही कोंबता येतात, पण उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांतून निघतात.

आज या घरात पुरेसं आहे का, हा गरिबीचा प्रश्न. या घरात आणि त्या घरात अंतर किती, हा विषमतेचा. उद्या ठेच लागली तर हे घर कितपत तग धरेल, हा असुरक्षिततेचा. रॉबर्ट चेंबर्स या अभ्यासकानं १९८९ मध्ये ही तिसरी गोष्ट गरिबीपासून वेगळी काढून दाखवली होती. बाहेरून येणारा फटका ही एक बाजू आणि तो झेलायला घरात काही नसणं ही दुसरी. रिक्षा चालवून महिन्याला बावीस हजार आणणारा माणूस आजच्या हिशेबानं गरीब ठरत नाही. त्याचा पाय मोडला की दुसऱ्या महिन्यात ठरतो. शहरातल्या वस्तीत अशी घरं भरपूर असतात, आणि नुसता ‘उत्पन्न किती’ विचारून ती कधीच हाती लागत नाहीत.

२. रेषा निवडा, आणि ती का निवडली हेही लिहा

दारिद्र्यरेषेच्या चर्चेत पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचं १९७१ चं काम पहिल्या पानावर असतं. माणसाला लागणारे उष्मांक मिळवायला किती खर्च येतो, तिथून त्यांनी सुरुवात केली. पुढे तेंडुलकर समितीची पद्धत आली. तिच्यानुसार २०११-१२ मध्ये महाराष्ट्राच्या शहरी भागासाठी रेषा होती माणशी महिना १,१२६ रुपये. रंगराजन समितीनं २०१४ मध्ये देशाच्या शहरी भागासाठी १,४०७ रुपये सुचवले. पाच माणसांच्या घराला तेंडुलकरांच्या हिशेबानं ५,६३० रुपये होतात. नव्या किमतींना धरून सरकारनं त्यानंतर अधिकृत रेषा जाहीर केलेली नाही, त्यामुळे नवखी माणसं जुना आकडा महागाईनं फुगवून वापरतात. वापरा, पण महागाईचा कोणता निर्देशांक घेतला ते लिहा. शहरी वस्तीसाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक जवळचा पडतो.

जागतिक बँकेची रेषा जून २०२५ पासून दिवसाला ३ डॉलर आहे. इथे हमखास घसरायला होतं. तीनला बाजारातल्या डॉलरच्या भावानं गुणू नका. हे २०२१ च्या क्रयशक्तीचे डॉलर आहेत, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक काढून टाकून मोजलेले. एका डॉलरमागे धरायचे रुपये बाजारभावाच्या साधारण पाव भाग येतात, आणि मग त्यावर २०२१ नंतरची महागाई चढवायची. बाजारभावानं गुणलं तर अर्धी वस्ती एका रात्रीत गरीब होते. असा एक अहवाल मी छापलेला पाहिला आहे.

३. ठाण्याचे जुने आकडे उचलताना पालघर आठवा

जिल्हा पातळीवरचा कुठलाही जुना तक्ता घेण्याआधी त्याचं साल बघा. १ ऑगस्ट २०१४ ला जव्हार-मोखाड्यासह पालघर ठाण्यातून वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा म्हणजे एक कोटी दहा लाखांचा, घोडबंदरच्या टॉवरपासून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत सगळं पोटात घेतलेला जिल्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी (२०१५-१६) जुन्या सीमांवर आहे, पाचव्या फेरीत पालघर वेगळा दिसतो. दोन फेऱ्या शेजारी ठेवून ‘ठाण्यात कुपोषण घटलं’ म्हणणं म्हणजे जव्हार दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणं झालं.

शहराचा आकडा हवा असेल तर महापालिका हद्दीचा घ्या. २०११ मध्ये ठाणे शहर सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबई ११.२ लाख. दोन्ही आज खूपच वाढलेत, त्यामुळे जुन्या घरयादीवर विसंबायचं नाही. यादी आपली आपण करायची.

४. बरोबर काय हवं

● संस्थेचं किंवा कॉलेजचं पत्र, शिक्क्यासह, मराठी आणि हिंदीत. मुंब्रा-कौसा भागात जाणार असाल तर उर्दूतही.
● फोटो असलेलं ओळखपत्र, गळ्यात दिसेल असं.
● प्रभाग समिती कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीपत्राची पोचप्रत. ही परवानगी नसते, नुसती पोच असते, पण कुणी अडवलं की तीच कामी येते. येऊरच्या पाड्यांवर जायचं तर वनखात्याच्या नाक्यावर आधी बोलून ठेवा.
● संमतीचा कागद, अर्ध्या पानाचा. दोन पानांचा कुणी ऐकत नाही.
● हातानं काढलेला वस्तीचा नकाशा. गल्ल्या, सार्वजनिक नळ, शौचालय, रेशन दुकान, मंडळाची जागा.
● फॉर्म भरायला मोबाईल. कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके ही फॉर्मची ॲप्स दोन्ही नेटशिवाय चालतात. चाळीच्या आतल्या गल्लीत रेंज नसतेच. पॉवरबँक आणि दहा छापील फॉर्मही ठेवा.
● वही. फॉर्ममध्ये न बसणारं सगळं हिच्यात. माझ्या अहवालातल्या बऱ्याच कामाच्या गोष्टी वहीतून आल्या.

आणि एक माणूस: आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा बचत गटाची अध्यक्ष. पहिल्या दिवशी तिनं गल्लीतून चालत नेलं तर पुढचे दहा दिवस सोपे जातात. पण तिला प्रश्नांच्या वेळी बाजूला बसवू नका. कर्ज किती आहे हे तिच्यासमोर कोण सांगेल?

५. घरं कशी निवडायची

आधी घरयादी. प्रत्येक दाराला नंबर द्या, पोटमाळ्यावर वेगळं बिऱ्हाड असेल तर त्यालाही. ‘कुटुंब’ म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, ही राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची व्याख्या आहे आणि वस्तीत ती छान चालते. एका खोलीत दोन भाऊ आणि दोन गॅस असतील तर दोन कुटुंबं. रबाळे-दिघ्याकडे एका खोलीत आठ-आठ जण पाळीनं झोपतात, जेवण खानावळीत. त्यांचं काय करायचं ते आधी ठरवा आणि सगळ्या गल्ल्यांत तसंच करा.

किती घरं? वस्तीतली टक्केवारी पाच टक्के मागेपुढे सांगायची, आणि शंभरातल्या पंच्याण्णव वेळा बरोबर यायला हवी असेल, तर साधारण ३८४ घरं लागतात. दहा टक्के मागेपुढे चालत असेल तर ९६. मात्र हा आकडा चालतो तो घरं अख्ख्या वस्तीत विखरून निवडली तर. चार गल्ल्या धरून त्यांतलीच घरं घेतलीत तर संख्या दीडपट-दुप्पट करा, कारण एका गल्लीतली माणसं सारखी असतात. पूर्ण गल्ली एकाच गावची, एकाच मुकादमाकडे कामाला असं सर्रास दिसतं.

निवडलेल्या घराला कुलूप असेल तर तीन वेळा जा: एकदा सकाळी साडेसातच्या आत, एकदा रात्री आठनंतर, एकदा रविवारी. रात्री दोघं मिळून जा. तिन्ही वेळा कुलूप असेल तर तशी नोंद करा आणि अशी घरं किती ते अहवालात छापा. शेजारचं दार वाजवायचं नाही. हे मी किंमत मोजून शिकले.

महिनाही बघा. गणपतीत कोकणातली माणसं गावी, मे महिन्यात निम्मी वस्ती गावी. जूनमध्ये शाळेचा खर्च अंगावर आलेला असतो, पावसात मजूर नाक्यावर काम नसतं. ऑगस्टमधली वस्ती आणि डिसेंबरमधली वस्ती यांत खूप फरक असतो. जमलं तर तीच घरं दोनदा गाठा.

६. प्रश्नावली

उत्पन्न विचारून सुरुवात करू नका. प्रत्येक घरात काही आकडे आधीच तोंडपाठ असतात. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी शहरात वार्षिक मर्यादा ५९ हजार. केशरी कार्डासाठी एक लाख. लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाख. हातात फॉर्म घेतलेलं माणूस दिसलं की उत्तर या मर्यादांच्या आत बसवून येतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. त्याला खोटं म्हणून रागावण्यात अर्थ नाही. तुमचा प्रश्नच तसा आहे.

म्हणून खर्च विचारा. वाणसामान, भाजी, दूध, गॅस, लाइटबिल, भाडं, शाळा-क्लास, औषध, रिक्षा-रेल्वे, मोबाईल रिचार्ज, हप्ते, गावाला पाठवलेले पैसे. शेवटची बाब नवखे हमखास विसरतात. हा माणूस इथे अर्धपोटी राहून जालन्याला आईबापांना पैसे पाठवत असतो.

आठवणीचा कालावधी जपा. भाजी, अंडी, मासळी, तेल, मसाले सात दिवसांचे विचारा, धान्य-डाळ-साखर तीस दिवसांची, कपडे, शाळेची फी, दवाखान्यात भरती व्हायचा खर्च वर्षाचा. नमुना सर्वेक्षणही साधारण असंच विचारतं. एकाच वस्तूचा सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा आकडा शेजारी शेजारी विचारू नका. १९९९-२००० च्या फेरीत नेमकं हे झालं. लोकांनी एका रकान्यावरून दुसरा जुळवून सांगितला आणि त्या वर्षीची देशाची गरिबी आधीच्या फेऱ्यांशी ताडून बघता येईना. अर्थशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षं भांडत होते.

तारखा कुणाला आठवत नाहीत. ‘गणपतीच्या आधी का नंतर’, ‘लॉकडाऊनमध्ये का त्यानंतर’, ‘पोरगी पहिलीत गेली तेव्हा’ असं विचारा.

आता भाड्याचा सापळा, कारण आपल्याकडे तो सगळ्यात वाईट आहे. समजा दोन घरं आहेत, दोन्हींत चौघं. खाणं, शाळा, औषध, प्रवास मिळून दोघांचाही खर्च १४,०००. पहिलं घर ६,००० भाडं भरतं, दुसऱ्याची खोली स्वतःची. खर्चावरून मोजलंत तर पहिल्या घराचे माणशी ५,००० आणि दुसऱ्याचे ३,५००. म्हणजे स्वतःचं छप्पर नसलेलं घर जास्त सुखी! नमुना सर्वेक्षणातही भरलेलं भाडं खर्चात धरतात आणि स्वतःच्या घराचं मानीव भाडं (भाड्यानं घेतलं असतं तर पडलं असतं ते) धरत नाहीत, तेव्हा सरकारी आकड्यांशी तुलना करतानाही हे ध्यानात ठेवा. उपाय दोन आहेत. दोन्हीकडून भाडं वजा करा, नाहीतर स्वतःच्या खोलीलाही त्या गल्लीतलं चालू भाडं लावा. मी दोन्ही तक्ते देते.

रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. ते खर्चात शून्य धरलं तर घर गरीब दिसतं, बाजारभावानं धरलं तर बरं दिसतं. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात सरकारनंही दोन्ही प्रकारे आकडे दिले होते. तुम्हीही द्या. धुणीभांडी करणाऱ्या बाईला कामाच्या घरी मिळणारा चहा-नाश्ता, उरलेली पोळीभाजी हेसुद्धा विचारा. ती आपणहून सांगत नाही.

रोजंदारीवाल्याला ‘रोज किती’ विचारून सव्वीसनं गुणू नका. समजा रोज आठशे. गुणाकारात २०,८०० येतात. पण नाक्यावर उभं राहून पावसाळ्याच्या महिन्यात बाराच दिवस काम लागलं असेल तर हातात ९,६०० येतात. ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस काम लागलं’ हा प्रश्न खरा. आणि नाक्यावरून किती वेळा तसंच परत यावं लागलं तेही.

घरातल्या वस्तू मोजायच्या पद्धतीवर माझा फार विश्वास उरलेला नाही. पंखा, मिक्सर, टीव्ही, मोबाईल जवळजवळ सगळीकडे असतात, त्यामुळे त्यातून कुणी वेगळं निघत नाही. फ्रिज आहे का असं विचारल्यावर हप्ता चालू आहे का हेही विचारा. गावठाणात तर वस्तूंची यादी पुरतीच फसवते. घणसोली, तुर्भे, करावे, दिवाळे ही गावं १९७० नंतर, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या संपादनात जमिनी गेलेली. कुणाला गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, त्यावर इमारत उभी राहिली आणि भाडी येतात. त्याच आळीतल्या दुसऱ्या आगरी किंवा कोळी घरात चार खोल्यांचं जुनं घर असतं, खाडीत मासळी उरलेली नसते आणि दरमहा हातात येणारं काहीच नसतं. फॉर्ममध्ये दोन्हीकडे ‘पक्कं घर, स्वतःचं’ असंच उतरतं.

भुकेचे प्रश्न विचारताना एक खास काळजी घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची मालिका आहे. जेवण पुरेल का ही काळजी वाटली का, इथून सुरू होते आणि दिवसभर उपाशी राहावं लागलं का, इथे संपते. प्रत्येक प्रश्नात ‘पैसे नव्हते म्हणून’ हे शब्द बोललेच पाहिजेत. ते गाळून मी एकीला विचारलं, “दिवसभर काही खाल्लं नाही असं झालं का?” ती म्हणाली, “हो ताई, दर सोमवारी.” मुंब्र्यात रमजानच्या महिन्यात गेलात तर बघायलाच नको.

७. ठेच लागते तेव्हा

इथे वेळ घालवा. फॉर्मचा एक तृतीयांश भाग याला द्या असं मी सांगेन.

आधी, गेल्या बारा महिन्यांत काय काय झालं ते विचारा. आजारपण, कंत्राट संपलं, अपघात, मृत्यू, घरात पाणी शिरलं, खोली खाली करायला सांगितलं, लग्न. मग, त्या वेळी काय केलं, आणि कोणत्या क्रमानं. क्रमातच सगळं आहे. एका घरात आधी भिशी उचलली, मग किराणावाल्याकडे खातं वाढवलं, मग शेजारणीकडून हातउसने घेतले, मग मंगळसूत्र गहाण पडलं. दुसऱ्या घरात पहिल्याच आठवड्यात पोराचा क्लास बंद आणि महिनाभरात रिक्षा विकली. दोघांवरचा खर्च सारखाच असेल. पण गहाण टाकलेलं सोनं सुटू शकतं. विकलेली रिक्षा, अर्धवट सुटलेली दहावी परत आणायला वर्षं जातात. म्हणून प्रत्येक उपायापुढे मी दोन खुणा करते: मागे फिरता येण्यासारखा, न येण्यासारखा.

किराणा दुकानातलं खातं नक्की विचारा. ‘कर्ज आहे का’ म्हटलं तर नाही म्हणतात. त्यांच्या लेखी बँकेचं आणि सावकाराचं ते कर्ज, उधारी वेगळी, हातउसने वेगळे, बचत गटाचे हप्ते वेगळे. चारही शब्द वेगवेगळे उच्चारा.

शेवटी एक प्रश्न, जो मी आता कुठल्याच फॉर्ममधून काढत नाही: “कमावत्या माणसाचं काम उद्या थांबलं, तर कुणापुढे हात न पसरता घर किती दिवस चालेल?” दिवसांतच उत्तर घ्या. काही बाया हसतात आणि म्हणतात, “दिवस कुठले, ताई.” तिथे शून्य लिहा. अभ्यासक असुरक्षितता काढायला मोठी समीकरणं वापरतात, एका फेरीच्या माहितीवरून पुढच्या वर्षी घर रेषेखाली जाण्याची शक्यता काढतात. ज्याला येतं त्यानं जरूर करावं. पण तीनचारशे घरांच्या पाहणीत या दिवसांच्या आकड्यानं मला जास्त सांगितलं आहे.

८. दारात

‘एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) माणसं आली’ ही बातमी तुमच्या आधी गल्लीच्या टोकाला पोचते. पुनर्वसनात घर मिळायला ठरावीक तारखेआधीपासून राहत असल्याचे पुरावे लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे घरमालक स्वतः राहत असल्याचं सांगतो आणि भाडेकरू गप्प बसतो. काही ठिकाणी मालकानं पढवून ठेवलेलं असतं. मोजमाप घेऊ नका, घराचा बाहेरून फोटो काढू नका, बरीचशी भीती तिथेच कमी होते. आधार नंबर चुकूनही मागू नका. लाडकी बहीणचे पंधराशे बंद करायला आलात का, हा प्रश्न आता हमखास येतो. ‘नाही’ एवढंच म्हणा. आणि या पाहणीतून काही मिळणारही नाही, हेही पहिल्याच वाक्यात सांगा. मी पूर्वी ते गुळमुळीत सांगायचे. चार महिन्यांनी एक आजी बाजारात भेटून विचारायला लागल्या, “आमचं नाव लागलं का गं?” त्या दिवसापासून स्पष्ट सांगते.

पुरुष घरात असेल तर तोच बोलतो. त्याला बाहेरच्या खर्चाचं विचारा आणि स्वयंपाकघरातलं तिला विचारा, शक्य तर नळावर किंवा ओट्यावर. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर खोडू नका, दोन्ही लिहा.

पाऊण तासाच्या वर बसू नका. चहा दिला तर प्या.

९. टॉवरचं काय?

विषमता मोजायची असेल तर वरची घरंही हवीत. इथे सगळे हात टेकतात. घोडबंदर रोडच्या सोसायटीत सुरक्षारक्षकाच्या पुढे जाता येत नाही, सेक्रेटरी पत्र मागतो, पत्र दिल्यावर मीटिंगमध्ये ठेवतो म्हणतो. ओळखीतून शिरलात तर ओळखीचीच घरं मिळतात. तेव्हा निदान एवढं करा: फक्त झोपडपट्टीत फॉर्म भरून ‘ठाण्यातली विषमता’ असं शीर्षक देऊ नका. सारख्या घरांत मोजलेली विषमता कमीच निघणार.

विषमता मोजायचा जिनी गुणांक शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, एक म्हणजे सगळं एकाकडे. २०२३-२४ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात शहरी भारताचा जिनी ०.२८४ होता. जुलै २०२५ मध्ये भारत समानतेत जगात चौथा अशा बातम्या झळकल्या त्या अशाच, खर्चावर काढलेल्या जिनीच्या आधारे. आपला जिनी खर्चाचा, कित्येक देशांचा उत्पन्नाचा. श्रीमंत माणूस सगळं उत्पन्न खर्च करत नाही, त्यामुळे खर्चातलं अंतर नेहमी कमी दिसतं, आणि मालमत्तेतलं सगळ्यात जास्त. तुमच्या तक्त्यावर ‘जिनी’च्या शेजारी ‘खर्चाचा’ हा शब्द असू द्या.

१०. हिशेब

टक्केवारीवर थांबू नका. रेषेच्या पन्नास रुपये खाली असलेलं घर आणि दीड हजार खाली असलेलं घर टक्केवारीत सारखंच मोजलं जातं. फॉस्टर, ग्रीअर आणि थॉरबेक या अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये यावर सूत्र दिलं. रेषेपासूनची तूट धरली की गरिबीची खोली कळते, तुटीचा वर्ग धरला की सगळ्यात तळातल्या घरांना जास्त वजन मिळतं. एक्सेलमध्ये तीन रकान्यांचं काम आहे.

बहुआयामी गरिबी निर्देशांक वापरायचा मोह होतो, कारण नीती आयोगाचा तयार साचा आहे: आरोग्य, शिक्षण, राहणीमान, बारा निकष, आणि एक तृतीयांश वंचितता झाली की घर गरीब. शहरात तो वापरताना जपून. राहणीमानाचे सात निकष, प्रत्येकाला एकविसावा हिस्सा. चाळीतल्या घराचं शौचालय सार्वजनिक आणि पत्र्याचं घर कच्चं धरलं तरी दोनच हिस्से भरतात. वीज, गॅस, बँक खातं जवळपास सगळ्यांकडे आहे. सातही बाबतींत घर वंचित ठरलं तरच नुसत्या राहणीमानावर ते गरीब निघेल. त्यामुळे घरात कुपोषण किंवा शाळा सुटलेलं मूल नसेल तर तुमची वस्ती निर्देशांकात बहुतेक सुखी दिसेल. निकषवार तक्ता द्या, एकच आकडा देऊ नका.

११. परत जा

तक्ते झाले की वस्तीत घेऊन जा. नावं आणि घरनंबर वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून, आणि वस्तीत दाखवायच्या कागदावर एकही ओळखू येईल असं घर नको. वीस घरांच्या गल्लीत ‘एक विधवा, तीन मुली’ एवढं लिहिलंत तरी सगळ्यांना कळतं.

लोकमान्य नगरात आम्ही मंडळाच्या खोलीत जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रंगीत खडूनं उभे पट्टे काढून बायांना दाखवले. सगळ्यात हलाखीची म्हणून आम्ही काढलेली घरं बघून एक मावशी म्हणाल्या, “यातली दोन ठीक आहेत. पण नळाच्या पलीकडची खोली कुठाय? ती यात नाही.” वहीत बघितलं. तिन्ही वेळा कुलूप, असं लिहिलेलं होतं. “कुलूप असणारच,” त्या म्हणाल्या, “ती रात्रपाळीला जाते आणि दिवसा पोराला घेऊन कळव्याच्या हॉस्पिटलात असते.”